थरथरता हात आणि गळ : रबरी अळी घ्यावी की केसांचा जिग?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या पुसदच्या घरी अमेरिकेहून एक लहानसा डबा आला. माझा धाकटा भाऊ मिनेसोटा राज्यात राहतो. त्याने वडिलांसाठी तो पाठविला होता. डब्याचे दोन भाग होते. एका भागात बोटाच्या पेराएवढ्या, शेपटी वळवळणाऱ्या मऊ रबरी अळ्या आणि शिशाच्या डोक्याचे मोकळे गळ होते. दुसऱ्या भागात तसेच गळ होते, परंतु त्यांच्यावर केसांचा किंवा पिसांचा झुपका दोऱ्याने आवळून बांधलेला होता. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : ‘अण्णांना पुन्हा नदीवर ने.’

आपल्यापैकी ज्यांच्या घरी पक्षाघातातून उठलेले माणूस आहे, त्यांना या चार शब्दांचे ओझे वेगळे सांगावे लागणार नाही. अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. व्यायामाने ती बरीचशी परत आली, तरी हाताची पकड सैल राहिली आणि बोटांना कंप राहिला. त्यातच आई गेली. तेव्हापासून ते ओसरीवर बसत, वर्तमानपत्र मांडीवर घेत आणि पान उलटत नसत. मी तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले. औषधांच्या वेळा, रक्तदाब, साखर हे सगळे माझ्या वहीत बिनचूक होते. त्या न उलटलेल्या पानाचा रकाना मात्र वहीत नव्हता.

तरुणपणी अण्णा पट्टीचे गळकरी होते. वाशीमकडून येणारी आमची पूस नदी पुसद शहरातून वाहते आणि पुढे महागाव तालुक्यात हिवरा संगम येथे पैनगंगेला मिळते. शहराच्या वरच्या अंगाला पूस धरण आहे आणि पैनगंगेवर ईसापूरचा मोठा जलाशय आहे. या पाण्यांच्या काठी बांबूची काठी, तंगूस, भेंडाचा तरंग आणि कणकेची गोळी एवढ्या सामानावर त्यांनी कित्येक रविवार काढले. त्यामुळे भावाचा डबा पाहून ते हसले, आणि मी घाबरले.

माझ्या भीतीची कारणे आपल्याला ओळखीची असतील. पाणी, घसरडा काठ, टोकदार गळ, ऊन, आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी. ‘नको’ म्हणणे सोपे होते. परंतु काळजीवाहू माणसाचे ‘नको’ हे पुष्कळदा रुग्णाच्या सोयीपेक्षा स्वतःच्या निर्धास्तीसाठी असते, हे मी इतरांच्या घरी अनेकदा पाहिले होते. म्हणून ठरविले की आधी डबा नीट समजून घ्यावा आणि मगच होकार किंवा नकार द्यावा.

तव्यात मावणारे मासे

अमेरिकेत ज्या लहान माशांसाठी ही आमिषे बनवितात, त्यांना तिकडे ‘पॅनफिश’ म्हणतात. अख्खा मासा तव्यात मावावा, एवढाच त्या नावाचा अर्थ. ब्लूगिल, क्रॅपी ही त्यांतली नावे. हे मासे आपल्याकडे नाहीत. आपल्या तलावांत त्यांच्या आकाराची आणि सवयीची जवळची जागा तिलापियाने घेतली आहे. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे इतका पसरला की आज मासेमार त्याला कौतुकाने कमी आणि वैतागाने अधिक आठवतात. त्याच्या जोडीला लहान मरळ, वांब आणि शिंगी असतात. रोहू, कटला, मृगळ हे मोठे आणि बहुधा सोडलेल्या बीजाचे मासे. त्यांचा विचार येथे नको.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. तिलापियासाठी कणकेच्या गोळीपुढे किंवा गांडुळापुढे रबर आणि केस दोन्ही फिके पडतात. तो मुख्यतः शेवाळ, वनस्पती आणि बारीकसारीक खाणारा मासा आहे. मग हा खटाटोप का करावा? कारण कणकेची गोळी दर दोन-चार मिनिटांनी विरघळते. ती पुन्हा मळावी, वळावी आणि गळावर बसवावी लागते. गांडूळ तर निरोगी बोटांतूनही निसटते. थरथरत्या हाताला वारंवार आमिष लावणे हाच मोठा अडथळा असतो, आणि त्या ठिकाणी तयार आमिष कामाला येते.

रबराचे गुण आणि त्याची अडचण

रबरी अळीचा मोठा गुण म्हणजे तिचा मऊपणा. मासा ती तोंडात घेतो आणि जिवंत किड्यासारखी लागल्याने क्षणभर अधिक धरून ठेवतो. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांची प्रतिक्रिया मंदावली आहे, त्यांना हा क्षण फार मोलाचा असतो. तिची शेपटी पाण्यात ओढताच वळवळते, त्यामुळे कोमट पाण्यात चपळ झालेल्या माशाचे लक्ष ती चटकन वेधते. रंग हवे तेवढे मिळतात आणि एक फाटली तर दुसरी लावता येते.

अडचण नेमकी येथेच आहे. अळी लावायची म्हणजे गळाचे टोक तिच्या डोक्यातून शिरवून, पोटाच्या मधोमध सरळ नेऊन, ठरलेल्या जागी बाहेर काढायचे. थोडे तिरके गेले तर अळी पाण्यात गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ बसतो. लहान मासे तिची शेपटी कुरतडतात, म्हणजे हे काम एका सकाळी पाच-सात वेळा करावे लागते. अण्णांनी ओसरीवर पहिला प्रयत्न केला. डावा हात अळी धरी आणि उजव्या हातातील गळ तिच्या भोवती फिरत राही. तिसऱ्या खेपेस टोक बोटाला लागले. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “मासा तं राहूच दे बाई, हे लावता लावताच दिवस बुडन.”

केसांच्या जिगची गोष्ट वेगळी

केसांचा किंवा पिसांचा जिग कारखान्यातून किंवा कारागिराच्या हातून बांधूनच येतो. त्याला काहीही ओवावे लागत नाही. तंगुसाला एकदा जोडला की सकाळ निघते, आणि बांधणी चांगली असेल तर एकच जिग अनेक मासे सोसतो. त्याचे दुसरे वैशिष्ट्य मला अनुभवानेच कळले. रबरी अळी बहुतेक ओढल्यावर हलते, तर केसांचा झुपका पाण्यात नुसता टांगून ठेवला तरी श्वास घेतल्यासारखा फुलतो आणि मिटतो. हाताचा कंप, जो चहाच्या कपाला नकोसा वाटतो, तो येथे उपयोगी पडतो. काठीला आलेली बारीक थरथर तंगुसातून खाली जाते आणि झुपका हलता राहतो. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी ते मुळीच गंभीरपणे घेतले नाही, हेही नोंदवून ठेवते.

थंड पाण्यात मासे सुस्तावतात, आमिषामागे धावत नाहीत. मार्गशीर्ष-पौषात म्हणूनच केसांचा जिग अधिक बरा. मात्र त्याचाही दोष आहे. मासा तोंडात घेऊन ‘हे खाण्याचे नव्हे’ हे लवकर ओळखतो आणि थुंकतो. झटका वेळेवर दिला नाही तर गेला. यावर दोन उपाय करता येतात. एक, जिग भेंडाच्या किंवा थर्मोकोलच्या लहान तरंगाखाली टांगावा, म्हणजे चाहूल बोटांना नव्हे तर डोळ्यांना लागते. दोन, गळाच्या टोकाला गांडुळाचा नखाएवढा तुकडा किंवा कणकेचा कण लावावा. वासामुळे मासा थोडा थांबतो, आणि तो तुकडा गळून पडला तरी केस जागेवर असतातच.

तेव्हा माझे मत असे आहे. ज्यांच्या बोटांत कंप, संधिवात किंवा पक्षाघाताचा अशक्तपणा आहे, त्यांनी केसांचा जिग घ्यावा. ज्यांची बोटे चांगली आहेत, परंतु प्रतिक्रिया मंद आहे किंवा दृष्टी इतकी अधू आहे की तरंग नीट दिसत नाही, त्यांनी रबरी अळी घ्यावी आणि ती घरच्या कोणीतरी आदल्या रात्री पाच-सहा गळांवर लावून द्यावी. दोन्ही अडचणी असतील तर केस, तरंग आणि शेजारी बसलेले नातवंड.

वजनाबद्दल थोडे. डब्यावर ‘एक बत्तिसांश औंस’ असे लिहिलेले असते. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, म्हणून हे वजन एका ग्रॅमपेक्षाही किंचित कमी भरते. एक सोळांश म्हणजे जवळजवळ पावणेदोन ग्रॅम. हलका जिग हळू बुडतो आणि लहान माशाला आवडतो, परंतु वाऱ्यात तो हाताला जाणवत नाही. ज्यांच्या बोटांतील संवेदना कमी झाली आहे त्यांनी पावणेदोन ग्रॅमचा घ्यावा. रंगाचा नियम साधा आहे. पावसानंतर पूस गढूळ असते, तेव्हा काळा किंवा भडक पिवळा. हिवाळ्यात पाणी निवळले की तपकिरी, करडा, पांढरा.

केस कोणाचे, हा प्रश्नही विचारून घ्यावा. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस सर्रास वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाचे केस बाळगण्याच्या भानगडीत पडू नये. काळ्या बकरीचे केस, कोंबडीच्या मानेची मऊ पिसे किंवा लोकर पुरते. ज्यांना बसल्या जागी काही हवे असते अशा आजी-आजोबांना जिग बांधण्याचे काम आवडू शकते. गळ लहान शिकंजीत घट्ट धरावा, टोकावर बुचाचा तुकडा खोचावा आणि मगच दोरा गुंडाळावा. अण्णांनी बांधलेला पहिला जिग झाडूसारखा दिसत होता. दुसरा थोडा बरा झाला. या कामात उजव्या हाताची चिमूट जेवढी वापरली गेली, तेवढी व्यायामाच्या चेंडूने मी कधी वापरून घेऊ शकले नव्हते.

काठावर जाण्यापूर्वी

आता परिचारिकेच्या नात्याने थोडे सविस्तर लिहिते, कारण मासा मिळाला नाही तरी चालते, इजा झालेली चालत नाही.

सर्वांत आधी गळाच्या टोकामागची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करावी. लांब चोचीची पकड दुकानात नोज प्लायर म्हणून मिळते. अणी सपाट असेल तर बोटात रुतलेला गळ आला त्या वाटेने परत निघतो. क्वचित एखादा मासा सुटेल, तो सुटू द्यावा. अणी असलेला गळ खोल रुतला तर ओढू नये. तंगूस कापावा, गळ हलणार नाही असा कापडाने बांधावा आणि दवाखाना गाठावा. डोळ्याला लागला तर काढू नये, दाबू नये. त्यावर कागदी पेला उपडा धरून, दाब न देता चिकटवावा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. चष्मा नसणाऱ्यांनीही साधा चष्मा घालावा, काठी फेकणाऱ्याच्या मागे कोणीही उभे राहू नये.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे वृद्धांना बहुधा आठवत नाही. मातीने मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा मात्रा देतात. म्हणून तारीख वहीत लिहून ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लहान जखमही स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावी, मध्येच उघडून पाहू नये. रक्त तरीही थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे.

शिंगी माशाचा काटा विषारी असतो आणि वेदना असह्य होते. जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना बरीच उतरते. पाण्याची उष्णता मात्र निरोगी हाताने, शक्यतो काळजीवाहू माणसाने तपासावी. मधुमेहाने किंवा पक्षाघाताने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही आणि उपचारानेच भाजते. तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा धाप लागली तर घरी थांबू नये. तिलापियाच्या पाठीवरचे काटेही टोचतात. मासा ओल्या जाड फडक्यात धरावा.

मधुमेह असलेल्यांनी काठावर अनवाणी चालू नये. काळ्या मातीत काच, शिंपले आणि जुने गळ लपलेले असतात. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन न्याहारीविना निघू नये आणि खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी. घाम फुटून हातांची थरथर नेहमीपेक्षा वाढली तर तो माशाचा आनंद असेलच असे नाही. आधी साखर द्यावी.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीशी सहज ओलांडतो. फाल्गुन सरला की नऊच्या आत घरी परतावे. याउलट कडाक्याच्या थंडीत पहाटे निघण्याचा हट्ट धरू नये. रक्तदाबाच्या रुग्णाने ऊन अंगावर आल्यावरच बाहेर पडावे. मासे थोडे उशिरा मिळतील.

बसण्यासाठी हात असलेली खुर्ची घ्यावी आणि ती पाण्यापासून दोन मीटर मागे, सपाट जागी ठेवावी. धरणाच्या भिंतीवर, सांडव्यावर किंवा विसर्गाच्या खाली बसू नये, पाणी केव्हा सोडतील याचा भरवसा नसतो. ज्या बाजूचा पाय अशक्त, त्या बाजूला आपण चालावे. तोल जाण्याची शक्यता असेल तर तरंगण्याचे जाकीट घालावे. अण्णांनी ते घालताना खूप कुरकुर केली. मी तितक्याच शांतपणे गाडीची किल्ली परत पिशवीत ठेवली, तेव्हा घातले.

काठीची मूठ जाड करावी. सुती कापडाची पट्टी गुंडाळली किंवा सायकलच्या हँडलची मूठ बसविली तरी सांधे दुखणाऱ्या हाताला धरणे सोपे जाते. तंगूस गळाच्या बारीक छिद्रात ओवणे मोतीबिंदू असलेल्याला जमत नाही. शिवणकामाच्या दुकानात मिळणारी सुई ओवण्याची तार वापरावी, किंवा तंगुसाच्या टोकाला लहान क्लिप कायमची बांधून द्यावी, म्हणजे जिग नुसता अडकवता येतो.

जिगचे डोके बहुधा शिशाचे असते. पूर्वीचे गळकरी शिशाचा मणी दाताने दाबून बसवीत. अण्णाही तसे करीत. हे आता कोणीही करू नये. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांना त्याचा धोका विशेष असतो. नातवंडांच्या हाती डबा देऊ नये, आणि भाकरी खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. रबरी अळ्या पाण्यात टाकून येऊ नयेत. माशाच्या पोटात त्या फुगतात. डब्यातही त्या इतर प्लास्टिकच्या वस्तूंशी एकत्र ठेवू नयेत, काही वेळा दोन्ही वितळून चिकटतात. केसांचे जिग घरी आल्यावर सावलीत पूर्ण वाळवावेत, नाहीतर गळ गंजतो आणि केसांना वास येतो.

परवानगीचे विसरू नये. महाराष्ट्रातील पुष्कळ जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि तेथील मासळीवर भोई-ढीवर कुटुंबांचे पोट असते. छंद म्हणून बसणाऱ्याने आधी त्यांना विचारावे. पावसाळ्याच्या तोंडी मासे विणीवर येतात, तेव्हा गळ घरी ठेवावा. पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला तर खाली मरळ त्यांची राखण करीत असते. तेथे जिग टाकू नये.

मासा खाण्याबद्दल थोडक्यात. पचायला हलका आणि प्रथिनयुक्त म्हणून तो वृद्धांना चांगला, परंतु मूत्रपिंडाचा विकार किंवा गाऊट असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला काटे पूर्ण काढूनच द्यावा. शहराच्या सांडपाण्याजवळ धरलेला मासा खाऊ नये.

आम्ही डिसेंबरमधल्या एका सकाळी, संस्थेच्या माणसाला विचारून, धरणाच्या एका उथळ कोपऱ्यात बसलो. ऊन वर आले होते. अण्णांनी करड्या केसांचा जिग लावला, म्हणजे क्लिपमध्ये अडकवला, आणि तो त्यांनी स्वतः अडकवला. पहिला तास काहीच झाले नाही. मी दोनदा रक्तदाब मोजण्याचे यंत्र पिशवीतून काढले आणि दोनदा परत ठेवले. मग तरंग कलला. त्यांचा झटका उशिरा गेला, मासा सुटला. दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्या वेळी गळाच्या टोकाला गांडुळाचा तुकडा होता, आणि तळहाताएवढा तिलापिया वर आला. अण्णांनी तो ओल्या फडक्यात धरून डाव्या हाताने सोडविला. अणी सपाट असल्याने गळ लगेच निघाला.

“भाजायचा का?” मी विचारले.

“एकाचं काय भाजतं वं? अजून दोन येऊ दे,” ते म्हणाले, आणि पुन्हा काठी उचलली. दुपारी घरी आल्यावर त्यांनी भावाला फोन लावला. रबरी अळ्या परत पाठवू का, असे विचारले, आणि केसांचे आणखी पाच मागविले, त्यांतले दोन काळे.